पाऊस मोजला, पीक वाढलें काय?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गांवाचें नांव ऐकतांच संस्कृतांतील 'कुडव' हें धान्याचें माप आठवतें. व्युत्पत्ति सांगण्याचा मोह मी आवरतों. परंतु आजचा प्रश्न मापाचाच आहे. पाऊस व कीड यांची जागोजाग नोंद ठेवल्यानें शेताचें उत्पन्न खरोखर वाढतें काय?

हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं निघालें. १९३२ सालीं पुण्यास त्याची कृषिशाखा सुरू झाली, आणि पावसाचे आंकडे व पीक यांची सांगड पद्धतशीर घातली जाऊं लागली. पुढें २००८ च्या खरिपांत विदर्भांत पानें खाणाऱ्या अळीनें सोयाबीनचा फडशा पाडला. त्या आघातांतून २००९-१० पासून कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे 'क्रॉपसॅप', उभा राहिला. त्यांत धानहि आलें. २०१७ पासून 'महावेध' योजनेनें महसूल मंडळांगणिक स्वयंचलित हवामान केंद्रें बसविलीं. त्यांची संख्या दोन हजारांवर गेली.

आतां फलाचा हिशेब. जिल्ह्याची सरासरी चढली, एवढ्यावरून श्रेय यंत्राला देणें न्यायाचें नव्हे. त्याच वर्षीं बियाणें बदललेलें असतें, पाऊसहि वेळेवर आलेला असतो. शिवाय जुनी आणेवारी ही नजरेची. पाहणाऱ्यागणिक पीक लहानमोठें! १९४० नंतरच्या दशकांत डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. पानसे यांनीं यदृच्छेनें निवडलेल्या तुकड्यांतील पीक कापून तोलण्याची पद्धत बसविली. तीच येथें लावावी. सारख्या जमिनीचीं गांवें घ्यावीं, कांहींना सल्ला पोंचावा, कांहींना नाहीं, आणि तोल अनेक वर्षें चालावा. तरीहि एक लाभ तराजूंत दिसणार नाहीं. खोडकिड्यानें शेंकडा पांचांहून कमी फुटवे सुकले असतील, तर औषध फवारूं नये असा सल्ला मिळतो. तो पैसा शेतकऱ्याच्या गांठीं राहतो, पीक तेवढेंच.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा. या मुलखांत कोहळी मंडळींनीं बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. पाऊस दहा दिवस लांबणार ही वार्ता तलावाखालच्या शेतकऱ्यास पऱ्हे जगवून रोवणी साधूं देते. कोरडवाहू बांधीच्या धन्यास ती नुसती चिंता देते. दोघांची सरासरी एकत्र काढली तर लाभहि झांकतो आणि उणीवहि. म्हणून तपासणी करणाऱ्यांनीं ओलिताची व कोरडवाहू बांधी निरनिराळी तोलावी, आणि सल्ला आल्या दिवशीं त्या तलावांत पाणी किती होतें, हेंहि टिपून ठेवावें.