एक संगणक, दोन प्रणाली : यंत्र सुरू न झाल्यास

मुंबई-गोवा महामार्गावर देवगडचा रस्ता जेथे फुटतो, ते कणकवली तालुक्यातील नांदगाव. कोकण रेल्वेचे 'नांदगाव रोड' स्थानक असलेल्या या गावात, सिंधुदुर्गातील इतर गावांप्रमाणेच, मृगाच्या सरींबरोबर विजेचा लपंडाव सुरू होतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात किनारपट्टीवरील खांब आणि तारा कोसळल्या, तेव्हा अनेक गावे काही दिवस अंधारात होती. अशा परिसरात संगणक वापरणाऱ्यास एक अनुभव कधी ना कधी येतोच. वीज जाते, पुन्हा येते. बटण दाबले जाते आणि नेहमीच्या पडद्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजी अक्षरांची एक ओळ उमटते. यंत्र दुरुस्तीच्या दुकानी नेले की पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : 'फॉरमॅट मारावे लागेल.'

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली असतील, तर हा सल्ला घाईचा आणि अनेकदा अनावश्यक ठरतो. आंब्याच्या बागेचा हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती, मुलांची छायाचित्रे हे सारे बहुतेक वेळा डिस्कवर जागच्या जागी सुरक्षित असते. तुटलेली असते ती केवळ तेथपर्यंत जाणारी वाट. वाट कोठे तुटली हे ओळखता आले, की दुरुस्ती अर्ध्या तासाचे काम असू शकते. न ओळखता डिस्क पुसली, तर गेलेले परत मिळेलच असे नाही.

दोन प्रणालींचा प्रघात आता वाढण्याचे कारणही आहे. विंडोज १० ला मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या जुन्या यंत्रांवर विंडोज शेजारी उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' यांसारखी लिनक्स प्रणाली बसविण्याचा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो.

संगणक जागा होतो तो कसा?

बटण दाबल्यापासून पडदा दिसेपर्यंत चार टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात मदरबोर्डवरील फर्मवेअर मेमरी, कीबोर्ड आणि डिस्क तपासते. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. दुसऱ्या टप्प्यात ते 'बूट लोडर' नावाचा छोटा प्रोग्रॅम शोधून त्याच्या हाती कारभार सोपवते. लिनक्सचा बूट लोडर बहुधा 'ग्रब' असतो. कोणती प्रणाली हवी हे विचारणारी यादी तोच दाखवितो. तिसऱ्या टप्प्यात निवडलेल्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत येतो. चौथ्या टप्प्यात डिस्कवरील फाइलव्यवस्था उघडून प्रवेशाचा पडदा दिसतो.

बायोस पद्धतीत बूट लोडरचा आरंभ डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असतो. ही जागा एकच असल्याने नंतर बसविलेली विंडोज तेथील ग्रब पुसून स्वतःचा मजकूर लिहिते. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा जुना नियम त्यातूनच आला. यूईएफआय पद्धतीत मात्र डिस्कवर एक छोटे स्वतंत्र पार्टिशन असते आणि त्यात प्रत्येक प्रणालीचा बूट लोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. कोणाला आधी बोलवायचे, याची क्रमवारी मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेली असते. म्हणून नव्या यंत्रांत ग्रब 'नाहीसा' होतो तेव्हा तो बहुधा पुसला गेलेला नसतो. क्रमवारीत मागे गेलेला असतो.

हाताशी असावे असे साधन

कोणताही उपाय करण्यापूर्वी एक पेन ड्राइव्ह तयार हवा. किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंटची 'लाइव्ह' आवृत्ती घेतली, की डिस्कला हात न लावता संगणक त्यावरून चालविता येतो. यंत्र चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबली असता कशावरून सुरू व्हायचे ते विचारले जाते. लाइव्ह प्रणालीतून डिस्क उघडत असेल, तर महत्त्वाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र तो बिघाड यांत्रिक असतो. अशी डिस्क पुनःपुन्हा चालवून पाहू नये.

लक्षणावरून निदान

पडदा काळाच, कंपनीचे चिन्हही नाही : बिघाड पहिल्याच टप्प्यात, म्हणजे यंत्रभागांत आहे. प्रणालींशी त्याचा संबंध नाही. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी कडांवर थर जमतो. वीजजोड पूर्ण काढून पट्टी बाहेर घ्यावी, कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेही अनेक यंत्रे जागी होतात.

'बूट करण्याजोगे साधन नाही' असा संदेश : आधी जोडलेले पेन ड्राइव्ह काढावेत. मग फर्मवेअरच्या मांडणीत जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क सदोष आहे. दिसत असेल तर क्रमवारी किंवा बूट लोडर बिघडला आहे.

मांडणी आपोआप बदललेली : मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी संपली, की जुन्या यंत्रांत वीज जाताच मांडणी मूळ स्थितीला जाते. घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, बूटची क्रमवारी बदलते. कधी यूईएफआयऐवजी जुनी पद्धत निवडली जाते, तर कधी डिस्कची जोडणी-पद्धत बदलल्याने विंडोज निळा पडदा दाखविते. बॅटरी बदलून पूर्वीची मांडणी पुन्हा दिली, की दोन्ही प्रणाली पूर्ववत होतात. येथे एक फरक ध्यानी घ्यावा. विंडोजमधील घड्याळ नेमके साडेपाच तास मागे असेल तर दोष बॅटरीचा नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढाच त्याचा अर्थ.

यादी न येता थेट विंडोज सुरू होते : यूईएफआय यंत्रात फर्मवेअरच्या क्रमवारीत लिनक्सचे नाव वर आणावे. तेवढे पुरेसे नसेल, किंवा यंत्र बायोस पद्धतीचे असेल, तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवावा. 'बूट रिपेअर' हे साधन हे काम नवख्यालाही करता येईल इतके सोपे करते. मात्र मूळ प्रणाली ज्या पद्धतीने बसविल्या आहेत, त्याच पद्धतीने पेन ड्राइव्ह सुरू झालेला असावा. यूईएफआय आणि जुनी पद्धत यांची सरमिसळ झाली, की दुरुस्ती फसते.

'ग्रब रेस्क्यू' : ग्रबचा पहिला भाग सापडला, पण उरलेला भाग ज्या पार्टिशनमध्ये होता ते सापडत नाही, असा याचा अर्थ. जागा मोकळी करण्याच्या हेतूने विंडोजमधून लिनक्सचे पार्टिशन पुसले, किंवा पार्टिशनांचे क्रमांक बदलले, की हा पडदा येतो. लिनक्स शाबूत असेल तर ग्रब पुन्हा बसविणे हा उपाय. लिनक्स मुद्दाम काढून टाकले असेल, तर विंडोजचा बूट लोडर पुढे आणावा.

यादीत विंडोजच नाही : २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून शेजारच्या प्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' हा भाग मूळ मांडणीत बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत तो चालू करून यादी पुन्हा तयार करण्याची आज्ञा दिली, की विंडोजचे नाव परतते. विंडोज कोठेही गेलेली नसते.

लिनक्स निवडल्यावर 'इनिट्रॅमएफएस'वर थांबते : अचानक वीज गेल्यानंतरचे हे परिचित लक्षण. फाइलव्यवस्थेत विसंगती राहिली आहे आणि ती तपासल्याविना पुढे जाता येत नाही. कोणते पार्टिशन तपासायचे ते संदेशातच असते. त्यावर 'एफएससीके' ही तपासणी चालवावी. नव्या कर्नलच्या अद्ययावतीकरणानंतरच अडचण आली असेल, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून पाहावा.

विंडोज निवडल्यावर अडते : विंडोजच्या पेन ड्राइव्हवरील 'स्टार्टअप रिपेअर' आधी चालवावे. यूईएफआय यंत्रात 'बीसीडीबूट' ही आज्ञा बूटच्या फाइली नव्याने लिहिते. बायोस यंत्रावर सर्रास सुचविली जाणारी 'फिक्सएमबीआर' मात्र पहिल्या ५१२ बाइटांतील ग्रबचा मजकूर पुसते. विंडोज सुरू होते, पण लिनक्स नाहीसे झाल्याचा भास होतो. ते असतेच, ग्रब पुन्हा बसविला की दिसू लागते.

सुरक्षेचे कुलूप

'सिक्युअर बूट' ही यूईएफआयमधील सोय केवळ मान्य सही असलेला बूट लोडर चालू देते. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्ययावतीकरणाने जुन्या, असुरक्षित बूट लोडरांना मज्जाव केला आणि दोन प्रणालींच्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरक्षाधोरण भंगाचा संदेश देऊन बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मे २०२५ मध्ये दिली. दोन्ही प्रणाली अद्ययावत ठेवणे हाच अशा प्रसंगांवरचा खरा उपाय होय.

अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करण्याचा सल्ला दिला जातो. तसे करण्यापूर्वी विंडोजची डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. नव्या लॅपटॉपांत हे कूटबंधन वापरणाऱ्याच्या नकळत चालू असू शकते. फर्मवेअरची मांडणी बदलताच विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर बहुधा जतन असते; परंतु कोठेच नसेल, तर त्या फाइली कोणताही तंत्रज्ञ उघडू शकत नाही. म्हणून यंत्र सुरळीत असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून घरच्या दप्तरात ठेवावी.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

विंडोज ८ पासून आलेली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय दोन प्रणालींच्या यंत्रात बंद करावी. ती चालू असता 'शट डाउन' केलेली विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धनिद्रेत राहते. अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहिल्यास फाइलींची हानी होऊ शकते. लिनक्स ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडते, ते याच कारणाने.

मेजावरील संगणकास यूपीएस असावा. तो तासन् तास चालावा अशी अपेक्षा नाही. चालू काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती दहा मिनिटे मिळाली तरी पुरे. आभाळ भरून आले असता प्रणालीचे अद्ययावतीकरण सुरू करू नये आणि लॅपटॉपवर ते करताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी. विजा चमकत असताना वीजजोडाबरोबरच इंटरनेटची तांब्याची तारही काढावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही येतो.

मेअखेर आंब्याचा हंगाम आटोपला, की कोकणात घरे शाकारण्याची, पागोळ्यांची वाट मोकळी करण्याची जुनी रीत आहे. त्याच सुमारास लाइव्ह पेन ड्राइव्ह तपासावा, फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकरची किल्ली जागेवर आहे ना ते पाहावे. एवढे केलेल्या घरात काळ्या पडद्यावरील ती ओळ संकट राहत नाही. चारपैकी कोणत्या टप्प्यावर काम अडले, हे सांगणारी ती केवळ एक सूचना ठरते. आणि दुकानात यंत्र न्यावेच लागले, तर फॉरमॅटचा निर्णय तंत्रज्ञावर सोपवावा लागत नाही. 'आधी फाइली काढून द्या' एवढे सांगण्याइतके ज्ञान वापरणाऱ्याकडेच असते.