जुनी पितळी विजेरी : आजही भरवशाची

शिक्रापूर - पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील शिक्रापूरचा चाकण चौक रात्री उशिरापर्यंत दिव्यांनी उजळलेला असतो. एका बाजूला सणसवाडी आणि दुसऱ्या बाजूला रांजणगाव येथील कारखानदारीमुळे हा सारा पट्टा झपाट्याने शहरी झाला आहे. मात्र, महामार्ग सोडून उसाच्या शिवारात शिरले की अंधार पूर्वीइतकाच दाट असतो. कृषिपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री, वीज मिळत आली आहे. रात्रीची पाळी आली की दारे धरण्यासाठी रानात जाण्यावाचून शेतकऱ्याला गत्यंतर नसते. अशा वेळी खुंटीवरून काढून हातात घेतली जाणारी वस्तू म्हणजे विजेरी. गावाकडच्या भाषेत 'बॅटरी'.

बाजारात आज हलक्या, चार्जिंगच्या आणि डोळे दिपवणाऱ्या एलईडी विजेऱ्यांची रेलचेल आहे. तरीही दोन किंवा तीन सेलच्या जुन्या पितळी विजेऱ्या अनेक घरांत जपून ठेवलेल्या आढळतात. काहींना त्या वडिलोपार्जित वस्तू म्हणून प्रिय आहेत, काही जण त्यांचा संग्रह करतात, तर काही जण त्या आजही नित्याच्या वापरात ठेवतात. या आपुलकीमागे केवळ जुन्याचा मोह नाही. ही वस्तू हाताने उघडता येते, तिचा प्रत्येक भाग बदलता येतो आणि बिघाड कोठे आहे हे कोणालाही समजू शकते, हे त्यामागील खरे कारण आहे.

सव्वाशे वर्षांचा प्रवास

विजेरीचा जन्म कोरड्या सेलमुळे शक्य झाला. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी तयार केलेल्या विद्युतघटात पातळ द्रावण असे. तो हातात घेऊन फिरणे अवघड होते. पुढे १८८० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी न सांडणारा कोरडा सेल बनवला. डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. कॉनराड ह्यूबर्ट यांच्या कंपनीने तिचे उत्पादन केले आणि याच व्यवसायातून 'एव्हरेडी' हे नाव पुढे आले. सुरुवातीच्या सेलमध्ये फारसा दम नव्हता. दिवा क्षणभर लावून लगेच विझवावा लागे. इंग्रजीतील 'फ्लॅशलाइट' हे नाव त्यावरूनच पडले. टंगस्टनच्या तारेचे टिकाऊ बल्ब आल्यानंतर विजेरी खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली.

भारतात एव्हरेडीचा व्यवसाय करणारी कंपनी १९३४ मध्ये स्थापन झाली. तीच पुढे युनियन कार्बाइड इंडिया या नावाने ओळखली गेली. तिचा विजेऱ्यांचा कारखाना १९५८ मध्ये लखनौ येथे सुरू झाला. एव्हरेडीची 'जीवनसाथी' ही पितळी विजेरी, तसेच अलाहाबादच्या (आताचे प्रयागराज) 'जीप' कंपनीच्या विजेऱ्या देशभर पोहोचल्या. उडी घेणारे मांजर आणि ९ हा आकडा असलेला लाल सेल तर खेड्यापाड्यांतील किराणा दुकानांत मीठ-मिरचीच्या शेजारी मांडलेला असे.

या नावाला एक काळी किनारही आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे ज्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायूची गळती झाली, तो याच युनियन कार्बाइड इंडियाचा होता. १९९४ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने आपला हिस्सा विकला. नव्या मालकीखाली कंपनीचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. घराघरांतील विजेरी आणि भोपाळची दुर्घटना यांच्यातील हा धागा आज अनेकांच्या स्मरणात नाही.

कंदिलाकडून विजेरीकडे

विजेरीपूर्वी महाराष्ट्रात रात्रीची वाट दाखवण्याचे काम टेंभा, चिमणी आणि कंदील करीत. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील तर स्वदेशीचा मानबिंदू ठरला होता. मात्र, कंदिलाचा उजेड चोहोबाजूंनी पसरतो आणि चार पावलांपलीकडे फिका पडतो. वाऱ्या-पावसात तो सांभाळावा लागतो. विजेरीने प्रथमच उजेडाला दिशा दिली. लांबच्या बांधावर काय हलते आहे, हे जागेवरून पाहता येऊ लागले. शेतकरी, गावचा कोतवाल, रेल्वेचा गँगमन आणि रात्री प्रसूतीसाठी निघणारी सुईण या साऱ्यांसाठी हा मोठाच बदल होता.

रचना साधी, म्हणूनच टिकाऊ

जुन्या विजेरीत मोजकेच भाग असतात. पितळी नळी, तिच्या बुडाशी फिरकीचे झाकण व स्प्रिंग, कडेला खटका आणि तोंडाशी बल्ब, रिफ्लेक्टर व काच. नळीत एकामागे एक बसवलेल्या मोठ्या सेलपैकी प्रत्येकाचा दाब १.५ व्होल्ट असतो. म्हणजे तीन सेलचा ४.५ व्होल्ट. बल्बवर मात्र साधारण ३.८ व्होल्ट असे लिहिलेले आढळते, कारण प्रत्यक्ष वापरात सेलचा दाब काहीसा उतरतो. ३.८ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा बल्ब जेमतेम १.१ वॅट वीज घेतो.

एवढ्याशा विजेवर झोत लांब जातो, तो रिफ्लेक्टरच्या आकारामुळे. बल्बमधील तार काही मिलिमीटरचीच असते. ती रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर अचूक आली की किरण जवळजवळ समांतर होऊन बाहेर पडतात. अनेक जुन्या विजेऱ्यांचे तोंड फिरवून हे अंतर कमी-जास्त करता येते. त्यामुळे एकाच विजेरीतून कधी लांबचा बारीक झोत, तर कधी पायाखालचा रुंद उजेड मिळतो.

शिरूर तालुक्यातील शेतकऱ्यासाठी ही सोय महत्त्वाची आहे. चासकमानच्या कालव्याने या भागात बागायत वाढली आणि उसाबरोबर बिबट्याही आला. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. येथील बिबट्यांच्या अनेक पिढ्या उसातच वाढल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लहान मुलांसह तिघांचा मृत्यू झाला. बिबट्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असल्याने लांबच्या झोतात त्याचे डोळे चमकतात आणि माणसाला वेळीच सावध होता येते. घोणस आणि मण्यार यांच्यासाठी मात्र पायाजवळचा रुंद उजेड लागतो. विजेरी हे शस्त्र नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. रात्री एकट्याने न जाणे, हातात काठी ठेवणे, मोठ्याने बोलत किंवा गाणी लावून चालणे आणि उसाच्या कडेला वाकून न बसणे ही पथ्ये विजेरी असतानाही पाळावीच लागतात.

पिवळा उजेड : समज आणि वस्तुस्थिती

जुन्या विजेरीचा पिवळसर प्रकाश धुके भेदतो, असे ठामपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने रंगामुळे फारसा फरक पडत नाही. बारीक झोतामुळे डोळ्यांसमोर चकाकी कमी येते, हा फरक मात्र खरा आहे. पिवळ्या प्रकाशाचे दुसरे गुण निर्विवाद आहेत. तापलेल्या तारेच्या प्रकाशात सर्व रंगांची सलग मिसळण असते. त्यामुळे माती, पाने आणि कातडी यांचे रंग ओळखू येतात. स्वस्त एलईडीच्या निळसर प्रकाशात ते फिके वाटतात.

सेल संपत आल्याची पूर्वसूचना हा आणखी एक गुण. जुन्या विजेरीचा उजेड हळूहळू पिवळ्याचा तांबूस होत जातो. घरी परतायला तेवढा अवधी पुरतो. चार्जिंगच्या अनेक विजेऱ्या शेवटपर्यंत एकसारख्या चालतात आणि एकाएकी विझतात. रानाच्या मध्यावर हा फरक मोठा ठरतो.

मर्यादाही अनेक

असे असले तरी जुन्या विजेरीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा विसरून चालणार नाही. तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तेवढ्याच विजेवर एलईडी कितीतरी पट अधिक प्रकाश देतो. बल्बची तार धक्क्याने तुटते. जाणकार निर्माते झाकणाच्या आत जादा बल्ब ठेवण्याची जागा करीत, ती यासाठीच. सेलचा खर्चही सतत चालू राहतो. निळ्या एलईडीचा शोध लागल्यानंतर पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गरिबाघरी स्वस्त उजेड पोहोचवण्यात या शोधाचा वाटा निःसंशय मोठा आहे.

प्रश्न आहे तो दुरुस्तीचा. प्लॅस्टिकच्या बंद डबीतील चार्जिंगची बॅटरी निकामी झाली की बहुधा सारी विजेरीच फेकली जाते. पूर्वी आठवडे बाजारात स्टोव्ह, छत्री आणि बॅटरी दुरुस्त करणारा कारागीर एकाच पालाखाली बसे. स्प्रिंग ताणणे, खटक्याची पट्टी वाकवणे, चेपलेली नळी सरळ करणे ही कामे तो काही मिनिटांत करून देई. दुरुस्त करण्याजोगी वस्तू कमी झाली, तसा तो कारागीरही दिसेनासा झाला.

घेताना काय पाहावे?

जुनी पितळी विजेरी बहुतेकदा मोडीच्या भावाने वितळवायला जाते. पुण्यात मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात, तर मुंबईत चोर बाजारात शौकीन तिचा शोध घेतात. घेताना पुढील बाबी तपासाव्यात.

- झाकण व तोंड यांचे आटे झिजलेले नसावेत आणि ते सहज फिरावेत.
- नळी चेपलेली नसावी. सेल आत अडकतो आणि फुगला तर निघत नाही.
- स्प्रिंग व खटक्याची पट्टी शाबूत असावी. हिरवट थर असल्यास तो स्वच्छ करता येतो. पट्टी गळून गेली असेल, तर काम वाढते.
- रिफ्लेक्टरवरील चकाकी टिकून असावी. ती गेली की झोत जातो.
- बल्ब कोणत्या पद्धतीने बसतो, ते पाहून तसा बल्ब मिळतो का याची खात्री करावी.

निगा कशी राखावी?

पितळी विजेरीचा मोठा शत्रू म्हणजे आतच विसरलेला सेल. साध्या सेलचे जस्ताचे आवरण हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. वीज तयार होताना ते झिजत जाते, शेवटी त्याला छिद्र पडते आणि आतील क्षार बाहेर येतात. त्यामुळे विजेरी महिनाभर लागणार नसेल, तर सेल काढून ठेवावेत. सर्व सेल एकाच वेळी बदलावेत. नवा आणि जुना सेल एकत्र वापरू नये.

साध्या सेलची गळती आम्लधर्मी असते. ती पुसण्यासाठी खाण्याच्या सोड्याचे सौम्य पाणी वापरावे. अल्कलाइन सेलची गळती याउलट असते. तिच्यासाठी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालते. दोन्ही वेळी हातमोजे घालावेत आणि नळी पूर्ण कोरडी झाल्यावरच सेल भरावेत. खटक्याच्या टोकांवर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. रिफ्लेक्टर कापडाने घासू नये. धूळ फुंकरीने उडवणेच योग्य.

संपलेले सेल उन्हात ठेवण्याची पद्धत घरोघरी होती. उबेमुळे रासायनिक क्रिया थोडी वेग घेते आणि सेल काही काळ चालतोही. पण तो पुन्हा भरलेला नसतो आणि अशा सेलला गळती लवकर लागते.

जुन्या नळीत नवा दिवा

बल्ब मिळेनासे झाल्याने अनेक जण जुन्या विजेरीत एलईडीचा बल्ब बसवतात. हा उपाय चांगला आहे, मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तारेच्या बल्बला सेल उलटे-सुलटे चालतात. एलईडीला चालत नाहीत. बल्ब आपल्या सेलसंख्येसाठीच बनवलेला असावा. तसेच एलईडीचे स्थान तारेच्या जागी न आल्यास झोताच्या मध्यभागी काळा डाग पडतो. तोंड फिरवून तो कमी करता येतो. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. असे तीन सेल ३.६ व्होल्ट देतात आणि जुन्या बल्बलाही चालतात. ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मात्र कधीही भरू नयेत. असे तीन सेल ११ व्होल्टच्या वर जातात आणि बल्ब तत्काळ जळतो.

वापरलेले सेल बांधावर किंवा कालव्यात टाकण्याची सवयही सोडायला हवी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने ते इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवणे अपेक्षित आहे.

शेतीला दिवसा वीज मिळावी, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. त्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. प्रत्येक शिवाराला दिवसा पाणी देता येऊ लागले, तर विजेरीचे रात्रीचे बरेचसे काम संपेल आणि त्याचे दुःख कोणालाही होणार नाही. तोपर्यंत मोडीत निघालेली एखादी पितळी विजेरी घासूनपुसून, नवा दिवा बसवून पुन्हा खुंटीला लावणे हा काही वेडेपणा नव्हे. ती चालते आणि बिघडली तर घरच्या घरी पुन्हा चालू करता येते.