सूत्रधाराचे पुनरागमन : ‘चित्रपट कसा तयार करतात’

मिरजेशेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या खेळात सूत्रधार प्रेक्षकांसमोरच उभा राहून पदे गाई आणि पात्रे त्याच्या कथनानुसार वावरत. कथेची घडण लपविण्याची गरज त्या रंगभूमीला भासली नव्हती. पुढे संगीत नाटकाने सूत्रधाराला प्रारंभीच्या प्रवेशापुरते उरविले.

दादासाहेब फाळके यांचा ‘चित्रपट कसा तयार करतात’ (१९१७) हा लघुपट या परंपरेच्या संदर्भात क्वचितच वाचला जातो. त्याच्या उपलब्ध अंशांत स्वतः फाळके नटांची तालीम घेताना, फिल्मची पट्टी निरखताना दिसतात. ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या माणसाने आपलीच हातचलाखी उघड करावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु महायुद्धामुळे त्यांचा धंदा भांडवलाअभावी अडचणीत आला होता. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकातून ते भारतीय चित्रपटाची बाजू मांडीत होते. पडद्यावरील देव इथल्याच हातांनी घडतात, हे स्वदेशीच्या काळात दाखवून देणे आवश्यक होते. म्हणून हा लघुपट जितका बोधपट, तितकाच एका उद्योगाचा साक्षीपुरावा ठरतो. १९१८ मध्ये भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली.

मात्र या उघडेपणालाही मर्यादा आहे. फाळके यांचे चित्रण करणारा कॅमेरा स्वतः चौकटीबाहेरच राहतो. झिगा व्हेर्तोव्हच्या १९२९ मधील ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये कॅमेरावालाच पात्र होतो, येथे निर्मिती दिसते, तिचे दर्शन घडविणारी यंत्रणा दिसत नाही. निर्मिती म्हणजे एका कर्त्या पुरुषाचे कर्तृत्व, अशी प्रतिमा त्यातून सिद्ध होते. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचे सरस्वतीबाई फाळके यांचे श्रम त्या प्रतिमेत सामावत नाहीत. त्यांना पडद्यावर ठसठशीत स्थान मिळाले ते थेट परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९), आणि तेही कथापटात.

कमल स्वरूप यांच्या ‘रंगभूमी’ने (२०१३) वेगळीच वाट धरली. कंपनी सोडून काशीला गेलेल्या आणि तेथे त्याच नावाचे नाटक लिहिणाऱ्या फाळक्यांचा तो माग काढतो. १९१७ मध्ये फाळके पट्टी हाती धरून पुरावा सादर करतात. येथे शोधणाऱ्याच्या हाती उरते ती काशी, आणि चित्रपटाकडे पाठ फिरवून नाटकाकडे वळलेला सूत्रधार.