जुन्या मोटारीची जन्मपत्रिका



गणेशचतुर्थी जवळ आली कीं मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत एक प्रश्न दरसाल उभा राहतो. कोंकणांत गांवीं जावयाचें असतें. घरांत आजी-आजोबा धरून सहा-सात माणसें असतात, आगगाडीचीं तिकिटें केव्हांच संपलेलीं असतात, आणि दाराशीं उभी असलेली लहान मोटार चौघांपलीकडे पांचव्याला सुखानें सामावून घेत नाहीं. अशा वेळीं सात माणसांची, उंच बांध्याची, घाट चढून जाणारी मोठी गाडी घ्यावी असा विचार घरांत सुरू होतो. तीन इंग्रजी अक्षरांनीं जिला आपण ‘एसयूव्ही’ म्हणतों ती हीच गाडी. परंतु नव्या गाडीची किंमत ऐकली कीं बेत जागींच बसतो, आणि मग कोणीतरी म्हणतें, “वापरलेली घेऊं या.” तेथूनच खऱ्या काळजीला आरंभ होतो.

या काळजीविषयींच मला आज बोलावयाचें आहे, आणि तें इतिहासाच्या अंगानें बोलावयाचें आहे. नवी वस्तु घेणारा केवळ वस्तु घेतो. जुनी घेणारा तिच्याबरोबर तिचा सारा भूतकाळहि घेतो. तो भूतकाळ वाचतां आला तर थोडक्या पैशांत उत्तम सौदा होतो. न आला तर दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचें कर्ज आपण फेडीत बसतों.

या जातीच्या गाडीचा मूळपुरुष म्हणजे युद्धांतील जीप. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें एका हलक्या, चारहि चाकांना गति देणाऱ्या गाडीसाठीं १३५ कारखान्यांकडे मागणी पाठविली. बॅण्टम या लहानशा कंपनीनें सुमारें सात आठवड्यांत पहिला नमुना उभा केला; परंतु मोठें उत्पादन झालें तें विलिस-ओव्हरलॅण्ड आणि फोर्ड यांच्या कारखान्यांत. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या होत्या. १९४६ सालीं विलिस कंपनीनें याच घराण्यांतील, पोलादी टपाची एक कुटुंबोपयोगी स्टेशन-वॅगन बाजारांत आणली, आणि रणांगणावरची गाडी घराच्या अंगणांत आली.

आपल्या देशांत मात्र ही गाडी प्रथम आली ती बहुतांशीं वापरलेलीच. युद्ध संपल्यावर सैन्याचा शिल्लक माल सरकारनें विकावयास काढला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या काळीं घरोघरीं माहीत होता, आणि त्या मालांत जीपाहि असत. १९४५ सालीं महिंद्र बंधु आणि गुलाम महंमद यांनीं एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव ‘महिंद्र आणि महिंद्र’ असें झालें. याच कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलिस जीपांची जुळवणी सुरू केली. म्हणजे आज ज्या गाडीचा आपण शोध घेत असतों तिचें भारतांतील माहेर एका अर्थानें माझगांवच आहे.

जुनी जीप घेतांना फसणें हा अनुभव केवळ गृहस्थांच्याच वांट्याला आला असें मात्र नाहीं. १९४८ सालीं काश्मीरांत युद्ध चालू असतांना आपल्या सैन्याला जीपांची तांतडीची गरज होती. लंडनमधील भारताचे हाय कमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं एका परदेशी पेढीशीं दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांसाठीं सुमारें ८० लाख रुपयांचा करार केला. नेहमींची पद्धत बाजूला ठेवून बहुतेक रक्कम आगाऊ देण्यांत आली. प्रत्यक्षांत हातीं आल्या त्या अवघ्या १५५ जीपा, आणि त्या वापरण्याजोग्या नाहींत असें आढळलें. संसदेंत मोठें वादळ उठलें, चौकशी झाली, आणि १९५५ सालीं सरकारनें तें प्रकरण बंद केल्याचें जाहीर केलें. राजकारणाचा भाग आपण सोडून देऊं. खरेदीदाराच्या दृष्टीनें यांत तीन गोष्टी दिसतात : गरज तांतडीची होती, माल न पाहतां सौदा झाला, आणि पैसे आधीं गेले. एका राष्ट्राच्या तिजोरीला जें बाधलें तें आपल्या भविष्यनिर्वाह निधीला बाधणार नाहीं असें कसें म्हणावें?

पुढील तीस वर्षें टंचाईचीं होतीं. १९५३ सालच्या जकात आयोगाच्या शिफारशीनंतर, येथें केवळ जुळवणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना आपला व्यवसाय गुंडाळावा लागला. फोर्ड आणि जनरल मोटर्स त्या सुमारासच गेल्या. बाजारांत उरल्या त्या अँबॅसडर, फियाट आणि स्टॅण्डर्ड. नोंदणी करून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९५९ सालच्या नियंत्रण-हुकमानें, घेतलेली नवी गाडी ठराविक मुदतीच्या आंत परवानगीशिवाय विकण्यासहि बंदी घातली, कारण लगेच मिळणारी वापरलेली गाडी कारखान्याच्या ठरलेल्या किंमतीपेक्षां महाग विकली जाई! त्या काळांत जुनी गाडी कशी आहे असें कोणी विचारीत नसे; ती मिळते आहे हेंच भाग्य समजलें जाई. जीप तर सरकारी खात्यांची आणि खेड्यापाड्यांतील रस्त्यांची. पश्चिम महाराष्ट्रांत ‘वडाप’ या नांवाखालीं आठ जणांच्या जागेंत पंधरा जण कोंबून तिनें जें काम केलें तें सर्वांनीं पाहिलेलेंच आहे.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि हें चित्र पालटूं लागलें. १९९१ नंतरच्या आर्थिक मोकळिकीनें तें पुरतें पालटलें. १९९४ सालीं टाटांची सुमो निघाली. जपानी मल्लाची आठवण करून देणारें हें नांव वस्तुतः सुमंत मुळगांवकर या कर्तबगार मराठी माणसाच्या नांवांतील पहिल्या अक्षरांवरून घेतलेलें आहे. पुण्याजवळ मोटारींचा कारखाना उभारून त्यांनीं त्या परिसराचें रूप बदललें होतें. २००० सालीं क्वालिस व बोलेरो, २००२ सालीं नाशिकची स्कॉर्पिओ, २००५ सालीं इनोव्हा, २०१२ सालीं डस्टर आणि २०१३ सालीं इकोस्पोर्ट या गाड्या एकामागून एक आल्या. गाड्या मुबलक झाल्या, आणि दुकानांतून बाहेर पडतांच नव्या गाडीची किंमत उतरूं लागली. टंचाई गेली, परंतु तिच्या जागीं दुसरी अडचण आली, ती म्हणजे अज्ञानाची.

या अज्ञानाचें शास्त्र जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं मांडलें. त्यानें उदाहरण घेतलें तें वापरलेल्या मोटारींचेंच. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊं करतो. त्या किंमतीला चांगली गाडी विकणें धन्याला परवडत नाहीं, म्हणून तो बाजारांतून अंग काढून घेतो, आणि बाजारांत नासक्या गाड्यांचें प्रमाण वाढत जातें. हा निबंध तीन नियतकालिकांनीं परत केला होता. पुढें २००१ सालीं अकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या विवेचनांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध असा कीं, ज्या गाडीचा इतिहास पुराव्यानिशीं समजतो तिला चार पैसे अधिक देण्यांत नुकसान नाहीं, आणि जिचा समजत नाहीं ती स्वस्त असूनहि महाग असते.

हा इतिहास वाचावा कसा? पहिली गोष्ट म्हणजे गाडीचें पूर्वजीवन. सुमो, क्वालिस, इनोव्हा यांपैकीं पुष्कळ गाड्या भाड्यानें राबलेल्या असतात. पिवळ्या पाटीची गाडी पुढें खाजगी करून घेतां येते. म्हणून नोंदणीच्या कागदांत तिचा मूळ प्रकार पाहावा. मीटरवरील आंकडा मागें फिरवितां येतो; परंतु पायाखालच्या पॅडलचें झिजलेलें रबर, गुळगुळीत झालेलें सुकाणूचक्र आणि चालकाच्या आसनाची खचलेली कड खोटें बोलत नाहींत. टायरवर चार आंकडे असतात. ‘२३१९’ असें असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला आहे. विम्याचे जुने कागद मागून ‘नो क्लेम बोनस’ पाहावा. तो ५० टक्के असेल तर धन्यानें निदान सलग पांच वर्षें नुकसानभरपाई मागितलेली नाहीं. हा बोनस धन्याचा असतो, गाडीबरोबर तो आपणांस मिळत नाहीं. परंतु त्याची साक्ष मात्र फुकट मिळते.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईंत हजारों गाड्या पाण्यांत उभ्या राहिल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन-पुसून लखलखीत दिसूं शकते. यासाठीं आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, पायपुसणें उचलून खालचा पत्रा पाहावा, आणि कांचा बंद करून दहा मिनिटें आंत बसावें. चिखलाची रेघ, गंज आणि कुबट वास हे पुराचे तीन साक्षीदार होत.

दुसरी गोष्ट जन्मसालाची. गाडी कोणत्या कायद्याखालीं जन्मली हें सालावरून कळतें. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, जुलै २०१९ पासून चालकापुढील एअरबॅग, आणि २०२२ च्या आरंभापासून शेजारच्या प्रवाशाचीहि. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागूं झाले. या नियमांखालील डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. शहरांतल्या शहरांत थोडें थोडें फिरणाऱ्याची ती तुंबते आणि खर्चांत घालते. ज्याचें जाणें-येणें शाळा, मंडई आणि कचेरी एवढेंच आहे त्यानें पेट्रोलचाच विचार करावा. गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. तेरा वर्षांची गाडी स्वस्त कां, याचें अर्धें उत्तर येथेंच आहे.

दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना २०१५ सालीं हरित न्यायाधिकरणानें मनाई केली आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. त्यामुळें तिकडील मोठ्या गाड्या इतर राज्यांत कमी दरानें येऊं लागल्या. किंमत मोहक असते. परंतु तिकडील ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर आणि नवी नोंदणी यांचा खर्च त्यांत मिळवूनच तुलना करावी. तसेंच १९५४ च्या सुमारास घडलें तेंच पुन्हां घडलें आहे : जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस येथील विक्री थांबविली, आणि फोर्डनें २०२१ सालीं येथील कारखाने बंद करण्याचें जाहीर केलें. या गाड्या वाईट होत्या असें नाहीं. परंतु सुटे भाग आपल्या गांवांत मिळतात कीं नाहीं हें कारागिराला विचारल्यावांचून त्या घेऊं नयेत.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट कागदांची. २००९ सालीं एक अपघात झाला. त्या मोटारीच्या मूळ धन्यानें ती २००७ सालींच विकली होती. पुढें ती आणखी हातांतून गेली. परंतु नोंदणी-पुस्तकांत नांव त्याचेंच राहिलें होतें. गाडीचा विमाहि नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, कायद्याच्या दृष्टीनें ज्याचें नांव नोंदलेलें तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून विकणाऱ्यानें व घेणाऱ्यानें “मागाहून करूं” असें कधींहि म्हणूं नये. एकाच राज्यांत व्यवहार असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कचेरींत कळविलें पाहिजे. विमाहि १४ दिवसांत आपल्या नांवावर करून घेतला पाहिजे. आणि पूर्वीच्या धन्याचें कर्ज असेल तर तें फिटल्याचा पतपेढीचा दाखला घेऊन नोंदणी-पुस्तकांतील बोजा उतरविला पाहिजे. हीं कामें होईपर्यंत रकमेचा मोठा भाग हातचा सोडूं नये. १९४८ सालचा धडा तो हाच.

शेवटीं पैशाविषयीं. समजा, घरांत सहा लाख रुपये आहेत. तर सहा लाखांची गाडी पाहूं नये. सव्वापांच लाखांचीच पाहावी. उरलेले पाऊण लाख नांव-बदल, विमा, टायर, बॅटरी, तेलें आणि पहिल्या महिन्यांत उघडकीस येणारा एखादा दोष यांसाठीं आहेत. ते नसतील तर गाडी लहान घ्यावी. दहा माणसांच्या हौसेची, परंतु अज्ञात कुळाची गाडी घेण्यापेक्षां, एकाच धन्यानें वापरलेली, दुरुस्तीचीं सर्व बिलें जपून ठेवलेली सहा-सात वर्षांची साधी गाडी बरी. ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरणार नाहीं कदाचित्. पण कशेडीच्या चढावर, मागें आजी झोंपलेली असतां, रात्रीं दोन वाजतां ती बंद पडणार नाहीं याची शाश्वती तिच्यापाशीं अधिक असते.

तेव्हां पुढल्या वेळीं एखादी जुनी गाडी पाहावयास जाल, तेव्हां रंग पाहण्यापूर्वीं तिचें नोंदणी-पुस्तक उघडा. त्यांत तिचें जन्मसाल आहे, तिनें किती घरें पाहिलीं तें आहे, आणि तिच्यावर कोणाचें ऋण आहे तेंहि आहे. तें वाचून झाल्यावर मग किल्ली मागा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.