माळाकडचा बांध

गेल्या माघातली गोष्ट. ऊसतोड जोरात होती. मोटरीची लाइट रात्रपाळीची, म्हणून पहाटे चारला उसाला पाणी पाजायला निघालो होतो. सडकेवर धुकं होतं. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला आणि त्याच्या उजेडात कुणीतरी सडकेवरून चरीत उडी टाकलेली दिसली. जवळ जाऊन बॅटरी मारली, तर माझ्या चुलतभावाची नात. पोलीस भरतीसाठी पळायला आली होती. गुडघा फुटला होता. ओढणीनं रक्त पुसत म्हणाली, "काय न्हाई आजोबा, रोजचंच हाय हे."

मी म्हणालो, "बाई, सडकेवर कशाला पळतीस? माळावर पळावं की."

ती हसली. "कुठला माळ, आजोबा?"

पोरगी एकोणीस वर्षांची. तिनं गावचा माळ बघितलेलाच नाही. तो का बघितला नाही, याचं थोडं उत्तर माझ्या शेतात आहे. म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, भोगावती नदीच्या काठचं. गावाच्या उगवतीला चौदा एकरांचा माळ होता. कागदावर त्याचं नाव गायरान. मालक सरकार, वापर गुरं चरायला. पण सकाळी गुरं जेवढी तिथं असायची, तेवढीच संध्याकाळी पोरं असायची. विटी-दांडू, लगोरी, हुतुतू आणि चिंध्यांचा चेंडू. नागपंचमीला वडाला झोके बांधायचे, बाया-पोरी झिम्मा-फुगडी खेळायच्या. बेंदराला शिंगं रंगवलेले बैल तिथूनच पळत गावात शिरायचे. जत्रेला कुस्त्यांचा फड तिथंच. हलगी कडाडली की पहिल्यांदा बारक्या पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागायच्या. मीही दोन वेळा रेवड्या खाल्ल्यात. एकदा जिंकून आणि एकदा हरून रडलो म्हणून.

आमचे आबा पैलवान नव्हते, पण कुस्तीचं वेड. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले ते आबा असं सांगायचे, जसं काही घरातलंच पोरगं पास झालंय. मी आठवीत असताना त्यांनी मला कोल्हापूरला खासबाग मैदान दाखवायला नेलं. एवढं माणूस एका जागी मी तोवर बघितलं नव्हतं. मला वाटलं, आपण बारके, मागं बसलो, आपल्याला काय दिसणार? पण हौद जसाच्या तसा दिसला. जमीन वाटीसारखी खोलगट, मधे हौद आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही.

हे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोममधलं जुनं गोल प्रेक्षागार त्यांनी बघितलं आणि तसलं आपल्या पैलवानांसाठी करायचं मनात घेतलं, असं सांगतात. १९१२ साली खासबाग खुलं झालं. शेजारीच त्यांनी पॅलेस थिएटर बांधून घेतलं, ते १९१५ ला सुरू झालं. आज त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतात. एका बाजूला नाटक, त्याला पाठ लावून कुस्ती. नाटक बघणारा आणि कुस्ती बघणारा, दोघांचीही सोय राजानं एकाच आवारात केली. तालमींना आश्रय तर होताच. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली असायची, आणि त्या मातीत खेड्यातली आमच्यासारख्यांची पोरं येऊन घुमायची. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकायला कोल्हापुरात राजाराम कॉलेजला होते. १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

शहराच्या बागाही आम्हा खेड्यातल्या लोकांच्या उपयोगी पडल्या, पण वेगळ्या तऱ्हेनं. टाऊन हॉलची इमारत १८७० च्या दशकातली. आत वस्तुसंग्रहालय, भोवती जुन्या झाडांची बाग. समोर सीपीआर दवाखाना. थोरल्या बहिणीला बाळंतपणाला तिथं ठेवलं होतं, तेव्हा आम्ही चार दिवस त्या बागेत भाकरी सोडून जेवलो. शेजारी राधानगरीकडचं एक कुटुंब, पलीकडं गगनबावड्याकडचं. कुणाकडं झुणका, कुणाकडं खर्डा, सगळं वाटून खाल्लं. शहरातल्याला ती बाग होती, आम्हाला ते दवाखान्याचं अंगण होतं. भाचा झाल्याची बातमी मला त्या झाडाखालीच कळली. कोर्टाच्या कामाला गेलेला माणूसही गाडीला वेळ असला, की रंकाळ्याच्या काठावर भेळ खाऊन, पाण्याकडं बघत बसायचा. निकाल काय लागला ते तेवढ्यापुरतं विसरायचा.

आता माळाकडं वळतो.

माळाला लागून सात जणांची शेतं, त्यातलं एक आमचं. आबा औत हाकताना मला शिकवायचे, "माळाकडं औत वळवताना एक पाऊल अलीकडंच वळवायचं. भावकीचा बांध कोरलास तर भावकी भांडायला येईल. माळ मुका हाय, त्यो बोलत न्हाई. म्हणून त्याला जास्त भ्यायचं." तोवर आमची शेतं पावसावरची. भात, नाचणी, भुईमूग. मुरमाड माळ नांगरून मिळणार तरी काय?

मी १९७६ ला दहावी झालो. पुढं चार-सहा वर्षांत उपसा योजना झाली, नदीचं पाणी माळाच्या उशाला आलं आणि सगळ्याचा भाव बदलला. राधानगरीच्या धरणाचं काम शाहू महाराजांनीच सुरू केलेलं. त्यांच्या पाण्यानं आमची घरं वर आली, हे खोटं नाही. पण पाणी आलं तिथं ऊस आला, आणि ऊस आला तिथं मुरूमही सोन्यासारखा दिसायला लागला. आबा थकले होते. औत माझ्या हातात आलं. पहिल्या वर्षी मी दोन तासं पलीकडं टाकली. नांगराची दोन तासं म्हणजे जेमतेम दीड फूट. कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? इतर सहा जणांचंही तेच चाललं होतं. शेजाऱ्यानं तीन तासं टाकली की मला वाटायचं, आपण तरी बरे.

एकट्या आम्हीच माळ खाल्ला असंही नाही. शाळा वाढवायला जागा माळावरची. पाण्याची टाकी, सोसायटीचं गोदाम, समाजमंदिर, सगळं माळावर. ज्यांना गावात हातभर जागा नव्हती अशा भूमिहीनांनी तिथं घरं बांधली. यातलं एकही काम वाईट म्हणता येत नाही. मी दोन वेळा ग्रामपंचायतीत सदस्य होतो. अशा ठरावांना हात वर केलाय. पण पोरांच्या खेळायसाठी एवढी जागा मोजून बाजूला ठेवा, असा ठराव कुणी मांडला नाही. मीही नाही.

२०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पंजाबातल्या एका गावच्या तळ्याच्या खटल्यात निकाल दिला, की गावाच्या सामायिक जागांवरची अतिक्रमणं काढा. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनानंही तसा निर्णय काढला. कागद आले, कपाटात गेले. २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या आणि गावोगाव घबराट झाली. घरं जाणार म्हणून मोर्चे निघाले. मीही मोर्चात चाललो. पुढं घर जाईल म्हणून रडणारी बाई, मागं मी. तिचं दोन खोल्यांचं घर आणि माझा ऊस एकाच नोटिशीत. तिच्या रडण्याच्या आडोशाला माझा ऊस वाचला, हे मला त्या दिवशीच कळलं होतं. पण घरी येऊन मी लागणीला खत टाकलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. कोल्हापुरात माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मलाही वाईट वाटलं. टीव्हीवर बघताना मनात आलं, आमचा माळ गेला तेव्हा कुणीच कसं रडलं नाही? खासबागेला दगडी भिंत आहे. कुणी तिथं औत घातलं असतं तर साऱ्या शहराला दिसलं असतं. आमचा माळ वर्षाला दीड फूट गेला. त्याला धूर आला नाही.

पोरीचा गुडघा बघून आलो आणि आठ दिवसांत मोजणीचे पैसे भरले. मुलगा चिडला. "सगळ्यांनी सोडलं तर आपण सोडू. आपण एकट्यानंच का?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण सातही घरांत तेच म्हणणं होतं. मोजणीदारानं फीत टाकली. २०० फूट लांब आणि ४९ फूट रुंद. ९ गुंठे. तेहतीस वर्षांची कमाई. वर्षाला नऊ-दहा टन ऊस त्यात निघतो.

खोडवा तुटून गेल्यावर तेवढ्यात मी पुन्हा लागण केली नाही. सऱ्या मोडून जमीन सपाट केली, रोलर फिरवला. जुन्या हद्दीवर दगड रोवले. मुलगा आला नाही, नातू आला. बाकीच्या सहा जणांना भेटलो. दोघं म्हणाले, बघू. चौघांनी चहा पाजला.

नोकरीत बायकांसाठी ३० टक्के जागा आहेत, म्हणून आता प्रत्येक गावातून पोरी भरतीला उतरतात. आमच्या काळात माळावर पोरींचा वाटा वर्षातून एक नागपंचमी. यांना मैदान रोज पाहिजे. आता चार पोरी संध्याकाळी त्या तुकड्यावर येतात. पोलीस भरतीला बायकांचा गोळा ४ किलोचा असतो, त्यांनी तो वर्गणी काढून आणलाय. गोळा पडला की मुरमात खड्डा पडतो, नातू काठीनं अंतर मोजतो. आबांनी जिथं औत वळवायला शिकवलं, साधारण तिथंच त्या उभ्या राहतात.

९ गुंठ्यांत मैदान होत नाही. गोळा फेकायला पुरतं. ८०० मीटर पळायला ती पोरगी अजून पहाटे सडकेवरच जाते.