पुराणकथा व व्हिडिओ गेम

प्राचीन देवकथांचा व्हिडिओ गेममध्ये कथानक, पात्रे व दृश्यरचना यांसाठी होणारा वापर. या प्रकारावर आजवर ग्रीक कथांचे राज्य आहे. भारतीय कथांवर आधारलेले मोठ्या आवाक्याचे खेळ मोजकेच आहेत. त्यांतला सर्वांत लक्षणीय ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा पुण्यात तयार झाला.

ग्रीक देवांशी खेळकर्ते मोकळेपणाने वागतात. ‘गॉड ऑफ वॉर’ (२००५) या खेळातला स्पार्टाचा योद्धा क्रेटोस ऑलिंपसच्या देवांवर उलटतो आणि तिसऱ्या भागात (२०१०) थेट देवराज झ्यूसलाच ठार करतो. ‘हेडीझ’ (२०२०) मध्ये पाताळाचा राजा हेडीझ याचा मुलगा झॅग्रियस बापाचे घर सोडून निघतो, वाटेत मरतो, घरी परततो आणि पुन्हा निघतो. हे सारे मनचे वाटते. पण झॅग्रियसचे नाते हेडीझशी जोडणारा धागा ग्रीक नाटककार एस्किलसच्या लुप्त नाटकांच्या अवशेषांतही सापडतो. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ (२०१८) मधला ग्रीस पुढच्या वर्षी मारामारी वगळून, केवळ हिंडून पाहण्यासाठी उपलब्ध झाला. ग्रीक-लॅटिनचे अभ्यासकही आता अशा खेळांतल्या चुका मोजत बसण्याऐवजी जुनी कथा प्रत्येक काळ कशी नव्याने वापरतो, हे तपासतात.

भारतात अडचण निराळी आहे. झ्यूसचे देऊळ कोणाच्या गल्लीत नाही, मारुतीचे आहे. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ (२००९) या प्लेस्टेशनवरील खेळावर आक्षेप आला तो हाच, की उपास्य दैवत खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचवले जाते. ‘स्माइट’ या अमेरिकी खेळातील कालीच्या चित्रणावरूनही २०१२ मध्ये वाद झाला.

‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या छोट्या चमूने यातून काढलेली वाट हुशारीची आहे. खेळणाऱ्याच्या हाती देव नाही, राजी नावाची डोंबारी खेळ करणारी मुलगी आहे. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला ती शोधते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णूकडून धनुष्य मिळते. एरवी या दोन्ही देवता बोलत राहतात, तिच्या धाडसाकडे पाहून एकमेकांना टोमणेही मारतात. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबले की त्यांतली कथा ऐकू येते. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैली आणि मधली कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या ही या खेळाची खरी कमाई. (चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांनी जपल्या आहेत, तिथला बाज एखाद्या मराठी खेळात यायला हवा.) २०१७ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन फसले, तरी काम थांबले नाही. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांत ‘राजी’ होता. लांबी तोकडी आणि शेवट अर्धवट, ही टीका मात्र रास्त आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले.

राजीसारखे नवे पात्र आणून पुराणकथेत भर घालावी का, याचे उत्तर त्याच पुण्यात आधीच छापलेले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, अट घातली, व्यासांनी कूट श्लोक घातले, ही कथा पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही घरात ठाऊक असते. आदिपर्वाचे संपादक वि. स. सुकथनकर यांनी मात्र ती मूळ पाठात न ठेवता परिशिष्टात नेली, कारण हस्तलिखितांचा आधार पुरेसा नव्हता. वगळली, पण फेकली नाही. नंतरच्या हातांनी घातलेले असे शेकडो उतारे तळटीपांत आणि परिशिष्टांत जागच्या जागी नोंदलेले आहेत. म्हणजे पाठ शुद्ध करणाऱ्यांनीच भर घालणाऱ्यांची सर्वांत मोठी जंत्री करून ठेवली. ‘राजी’च्या कर्त्यांना परंपरेबाहेरचे ठरवणाऱ्याने ती आधी चाळावी.

पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘इंडस’ या नेमबाजीच्या खेळात देवांना हात लावलेला नाही. भारतीय वळणाची भविष्यकाळातली कल्पित सृष्टी उभारून तिथे यक्षांसारखी नावे वापरली आहेत. बाजाराच्या दृष्टीने हा मार्ग निर्धोक आहे, पण कथा म्हणून ‘राजी’ची सर त्याला नाही.