लिंबूटिंबू आणि उडती थाळी

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या कन्येचं.

कन्या आता चोवीस वर्षांची. नोकरी करते, वेगळी राहते, पण शनिवारी कपड्यांची भलीमोठी पिशवी घेऊन धुवायला आमच्याकडेच येते. गेल्या महिन्यात अशीच आली, पण पिशवी दारातच टाकून आधी लॅपटॉप उघडला. "बाबा, एकोणीस नावं आहेत आणि मला सोळाच हवीत. कोणाला काढू?"

तिनं मैत्रिणी आणि मित्र जमवून अल्टिमेटची नवी टीम काढली आहे. हौशी मंडळींची, मुलं-मुली मिळून. सातार्‍याच्या नातेवाईकांसाठी थोडक्यात सांगतो. अल्टिमेट म्हणजे फ्रिसबीचा खेळ. दोन्ही बाजूंना सात-सात जण. थाळी हातात आली की पळायचं नाही, दहा सेकंदांत दुसर्‍याकडे फेकायची. असं फेकत फेकत समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्याच भिडूनं झेलली की एक गुण. थाळी जमिनीवर पडली किंवा मधल्यामधे कोणी अडवली की डाव दुसर्‍यांचा. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पंच नाही! फाऊल झाला की ज्याला लागलं त्यानंच सांगायचं, आणि दुसर्‍यानं मान्य करायचं किंवा वाद घालायचा. जागतिक स्पर्धांमध्येसुद्धा असंच. (आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्येही पंच नसायचा, पण तिथे बॅट ज्याची त्याचा निर्णय अंतिम असायचा.)

आता सातच जण खेळतात तर सोळा कशाला? मलाही हाच प्रश्न पडला. पण पळणं अफाट असतं, आणि प्रत्येक गुणानंतर माणसं बदलता येतात. त्यात स्पर्धा असली की एका दिवसात तीन-चार सामने. सात जणांच्या दोन तुकड्या तरी लागतातच. मग एकोणीस का नकोत? तिनं कागदावर हिशोब मांडून दाखवला. सामना १५-१२ असा संपला तर एकूण २७ गुण, म्हणजे मैदानावरच्या १८९ जागा. चौदा जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेतेरा येतात, सोळात बारा, एकोणीसात दहाच. लोक पैसे भरून, रविवारची झोप मोडून येणार आणि सामनाभर बहुतेक वेळ काठावर उभे राहणार. असं महिनाभर चाललं की एकेक जण यायचा बंद होतो. मोठी यादी ही दयाळू यादी असतेच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिघांपैकी दोन नावं तिची तिनंच ठरवली होती, दोघंही नवखे. अडलं होतं ते तिसर्‍या नावापाशी. ती तिची कॉलेजमधली मैत्रीण. टीम काढायची कल्पना दोघींची मिळून. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला पूर्वीसारखं पळता येत नाही. पण सरावाला सगळ्यात आधी हजर, मैदानाच्या खुणा मांडणं, पैसे गोळा करणं सगळं तीच बघते.

मला एक वाईट खोड आहे. कोणी सल्ला विचारला की मी इतिहास वाचायला घेतो. "थांब, बघतो" म्हटलं आणि बसलो वाचत. आणि मंडळी, गंमत बघा, या खेळाचं जन्मस्थान निघालं आमच्या एडिसनपासून पाऊण तासावर! इतकी वर्षं न्यू जर्सीत राहून मला पत्ता नव्हता.

मेपलवूड गावात कोलंबिया हायस्कूल नावाची शाळा आहे. १९६८ साली तिथल्या जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्यानं विद्यार्थी परिषदेत फ्रिसबीच्या बाजूनं एक ठराव मांडला. थट्टेतच. आणि तो मंजूर झाला! अमेरिकन हायस्कुलात 'व्हर्सिटी' संघाचं प्रस्थ केवढं, ते इथे राहणार्‍यांना माहीत आहे. फुटबॉल, बास्केटबॉलचे निवडलेले खेळाडू म्हणजे शाळेचे राजे. चाचणी घेऊन, नावं गाळून, भिंतीवर यादी लावून तो संघ होतो. सिल्व्हर आणि त्याचे दोस्त त्या यादीत बसणारे नव्हते. ही शाळेच्या वर्तमानपत्रात आणि परिषदेत रमणारी मुलं. त्यांनी स्वतःलाच 'व्हर्सिटी फ्रिसबी संघ' असं नाव देऊन टाकलं. चाचणी नाही, गाळणं नाही, येईल तो भिडू. सुरुवातीला तर एकेका बाजूला वीस-तीस जण असायचे म्हणे. पहिला सामना झाला १९६९ साली, विद्यार्थी परिषद विरुद्ध शाळेचं वर्तमानपत्र!

पुढे ही मंडळी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये खेळायला लागली. खाली डांबर, पण वर दिवे, त्यामुळे रात्रीही खेळता यायचं. खेळता खेळता माणसांची संख्या सातावर आली. सिल्व्हर, बझी हेलरिंग आणि जॉन हाइन्स या तिघांनी नियम लिहून काढले आणि १९७० साली छापले. सिल्व्हर पुढे हॉलिवूडमधला बडा निर्माता झाला. 'डाय हार्ड' (१९८८) आणि 'द मेट्रिक्स' (१९९९) त्याचेच. हेलरिंग मात्र १९७१ मध्ये मोटार अपघातात गेला. प्रिन्स्टनला नुकताच शिकायला लागला होता.

७ नोव्हेंबर १९७० रोजी दोन शाळांमधला पहिला सामना झाला, कोलंबिया विरुद्ध शेजारची मिलबर्न हायस्कूल. कोलंबियानं तो ४३-१० असा जिंकला. पण नियम लिहिणारे तिघं तोवर शाळा संपवून बाहेर पडले होते. हायस्कूलच्या संघाचं हे दुखणं कायमचंच. दर जूनमध्ये यादीतली सगळ्यात मुरलेली नावं आपोआप खोडली जातात आणि सप्टेंबरात पुन्हा जुळवाजुळव. पण याच दुखण्यानं खेळ पसरला! जी मुलं बाहेर पडली ती जिथे गेली तिथे संघ काढत गेली, कारण खेळायचं तर चौदा माणसं हवीतच. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तोही न्यू ब्रन्सविकला पार्किंग लॉटमध्येच. बरोब्बर १०३ वर्षांपूर्वी, ६ नोव्हेंबर १८६९ ला, याच दोन कॉलेजांत अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना त्याच जागी झाला होता. तेव्हा रटगर्स ६-४ नं जिंकलं होतं, आता २९-२७ नं. दोन्ही वेळा फरक दोनाचाच.

त्यानंतर थट्टा काही थट्टा राहिली नाही. १९७५ मध्ये येल विद्यापीठात आठ कॉलेजांची स्पर्धा झाली, १९७९ मध्ये खेळाडूंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. राष्ट्रीय स्पर्धेत बायकांचा वेगळा गट आला १९८१ मध्ये आणि मिश्र गट १९९८ मध्ये. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं खेळाच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली. आता देशाच्या संघासाठी रीतसर चाचण्या होतात, नावं गाळली जातात, यादी जाहीर होते. ज्या यादीची टिंगल करायला पोरांनी खेळ काढला, तीच यादी फिरून आली! मी हे कन्येला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, छान आहे, पण मग मी काय करू?"

खरं सांगायचं तर मला उत्तर देता येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात दुसरीच एक यादी घोळत होती.

मी अकरा वर्षांचा असेन. आमचा वाडा विरुद्ध पलीकडच्या आळीतला वाडा, रविवारी सकाळी मॅच, टेनिस बॉलची. एरवी मी लिंबूटिंबू. म्हणजे खेळायला घ्यायचं, पण आऊट झालो तरी धरायचं नाही, आणि संघाच्या मोजणीतही धरायचं नाही. पण त्या उन्हाळ्यात मला मोजायला लागले होते. निदान मला तसं वाटत होतं. आदल्या रात्री मी कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केले, आईकडून शर्टाला इस्त्री करून घेतली. सकाळी मैदानावर गेलो तर कॅप्टननं वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं लिहून आणली होती. त्यात मी नव्हतो. त्यानं वही माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, "तू स्कोअर लिही, तुझं अक्षर चांगलंय."

आमचा वाडा जिंकला. मी लिहिलेला स्कोअर अजून पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. कॅप्टन बरोबरच होता हो. माझ्या जागी घेतलेल्या मुलानं दोन झेल घेतले, ते माझ्याच्यानं झाले नसते. राग यादीचा कधीच नव्हता. राग त्या पांढर्‍या बुटांचा होता. शनिवारी संध्याकाळी जिन्यात भेटला होता की तो मला! तेव्हा सांगितलं असतं तर मी रविवारी जुनी चप्पल घालून गेलो असतो.

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, ती मनातून जात नाही. हा खेळ सिल्व्हरला मुळात शिकवला तो १९६८ च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात, जॅरेड कॅस नावाच्या तरुणानं. तो अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचा विद्यार्थी, मित्रांबरोबर असाच काहीतरी थाळीचा खेळ खेळायचा आणि तो त्यानं शिबिरातल्या मुलांना दाखवला. 'अल्टिमेट' हे नावही आपल्याच तोंडून निघालं, असं त्याचं म्हणणं. शिबिर संपलं, कॅस आपल्या वाटेनं गेला, पुढे प्राध्यापक झाला. जगभर हा खेळ पसरला आणि त्याचं नाव तीसेक वर्षं कुठल्याच यादीत नव्हतं. २००० नंतर खेळाचा इतिहास धुंडाळणार्‍यांनी त्याला शोधून काढलं, तेव्हा कुठे ते नाव पुस्तकात आलं. यात लबाडी कोणाचीच नव्हती. शिबिरातून निघताना कोणी कोणाला "हे तुझं" असं सांगितलं नाही, एवढंच.

दुसर्‍या रविवारी आम्ही दोघं मेपलवूडला जाऊन आलो. शाळेची मनोर्‍याची जुनी सुरेख इमारत आणि साधासुधा पार्किंग लॉट. पांढरे पट्टे, चार-दोन गाड्या आणि एक पाटी, की अल्टिमेट फ्रिसबीचा जन्म इथे १९६८ मध्ये झाला. बस्स. कन्येनं गाडीतून थाळी काढली. मी साठीच्या घरात, माझ्या दहा फेकींतल्या आठ डांबरावर. तिथेच, थाळी परत आणायला वाकलो असताना, तिला ती बुटांची गोष्ट सांगितली. तोवर घरात कोणालाच सांगितली नव्हती.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला मेसेज लिहून ठेवलाय मी, पाठवला नाहीये. त्यात 'तू मॅनेजर हो' असं लिहिलंय."

मी म्हटलं, "म्हणजे स्कोअर लिही."

तिनं मेसेज पुसला. परत येताना मी गाडी चालवत होतो आणि तिनं फोन लावला. मी रेडिओ बंद केला. तिनं सरळ सांगितलं, की सोळात तुझं नाव धरता येत नाहीये, कारण गुडघा आहे, आणि हे यादी लागायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून फोन करतेय. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन चार मिनिटांत संपला. कन्या खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या सरावाला ती मैत्रीण आली नाही. त्याच्या पुढच्याला आली, काठावर बसून राहिली आणि निघताना एक-दोघांना फेक कशी सुधारायची ते दाखवून गेली. कायमची येईल की नाही, माहीत नाही.

असो. दादा, तू हे वाचतोस हे मला ठाऊक आहे, वहिनी सांगते. वहीच्या मागच्या पानावरचं अक्षर तुझं होतं. राग आता नाही, खरंच नाही. पण पुढच्या महिन्यात सातार्‍याला येतोय, तेव्हा मागच्या अंगणात एक ओव्हर टाक मला. थाळीही आणतो आहे.